मुंबईतील अनंत गटांचा अभ्यास

निर्धारक १ असलेल्या पूर्णांकी मॅट्रिक्सचा गट अनंत असतो. तरीही वास्तव संख्यांच्या मॅट्रिक्समध्ये त्याचे घटक सुटे-सुटे राहतात. अशा विविक्त गटांच्या अभ्यासात भूमिती आणि विश्लेषण एकत्र येतात. महाराष्ट्रात या विषयाचे घर म्हणजे १९४५ मध्ये स्थापन झालेली मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिच्या गणित विभागाची घडी १९४९ मध्ये आलेल्या के. चंद्रशेखरन यांनी बसवली.

संस्थेच्या १९५६ च्या परिसंवादाशी आत्ले सेलबर्ग यांचा ट्रेस सूत्रावरील प्रसिद्ध निबंध जोडलेला आहे. १९६० चा परिसंवाद या विषयासाठी त्याहून मोलाचा ठरला. तिथल्या निबंधात सेलबर्ग यांनी दाखवले, की तीन किंवा अधिक ओळींच्या मॅट्रिक्समध्ये, विविक्त गटाने भागून मिळणारा अवकाश संहत असेल तर, तो गट किंचितही खरा बदल सोसत नाही; घडणारा प्रत्येक लहान बदल केवळ निर्देशक बदलल्यासारखा असतो. पुढे ‘दृढता’ नावाने वाढलेल्या शाखेचा हा एक उगम. त्याच निबंधातील दुसरा निष्कर्षही आज सर्रास वापरला जातो: संमिश्र संख्यांच्या मोजक्या मॅट्रिक्सपासून तयार झालेल्या गटात सांत निर्देशांकाचा असा उपगट असतो, ज्यात एकक सोडून कोणत्याही घटकाचा घात एककावर परतत नाही.

संस्थेतील एम. एस. रघुनाथन यांचा विविक्त उपगटांवरील ग्रंथ १९७२ मध्ये आला आणि अभ्यासकांचा आधारग्रंथ बनला. १९७३ मध्ये याच विषयावर मुंबईत आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. तिथल्याच एस. जी. दाणी यांनी अशा गटांशी निगडित प्रवाहांच्या कक्षांकडे लक्ष वळवले. त्यांच्या १९८१ च्या निबंधात या कक्षांविषयीचे रघुनाथन यांचे अनुमान छापले गेले. ते मरीना रॅटनर यांनी १९९० च्या सुमारास सिद्ध केले.