एकट्याची शर्यत

आता १९६० सालाकडे येऊ. प्लिमथ ते न्यूयॉर्क, एका शिडाच्या होडीत एकच माणूस. कल्पना ब्लाँडी हॅसलर यांची; निघाले पाच जण. आता बघा, माणूस झोपला की सुकाणू कोण धरणार? हॅसलरनी ‘जेस्टर’वर वाऱ्याबरोबर फिरणारं पातं बसवलं होतं, ते होडीची दिशा राखायचं. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पहिले, हॅसलर ४८ दिवसांत दुसरे.

पण पात्याला समोरून येणारं जहाज दिसत नाही, आणि टेहळणीचा नियम सगळ्यांना सारखाच! म्हणजे जोखीम एकट्याची नव्हेच. समोरच्याला तर कुणी विचारलेलंही नाही. आम्हाला साहसापेक्षा हा पेच मोठा वाटतो. १९६४ मध्ये पाचही जण पुन्हा शर्यतीत उतरले.