एकसरचे बिननावाचे वीर

भिवंडी तालुक्यातल्या लोनाडचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं. या राजघराण्याची अखेर समुद्रावर झाली. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाने हत्तीदळासह कोकणावर चाल केली आणि शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर दर्यात बुडाला.

बोरिवलीच्या एकसर गावातले सहा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, याच लढाईचे असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. काहींनी ते त्याहून जुने ठरवले. पण शिळांवरचे हत्ती आणि जहाजं पाहता पहिलं मतच अधिक पटतं. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाशी लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. एकसरला मात्र रांगेत वल्ही मारणारी युद्धनौकांची फळीच कोरली आहे. आरमारी लढाईचं असं दगडी चित्रण महाराष्ट्रात फार दुर्मीळ!

दिल्लीच्या इंडिया गेट या युद्धस्मारकावर सैनिकांची तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, बेल्जियममधल्या मेनिन गेटवर चोपन्न हजारांहून अधिक. एकसरच्या शिळांवर एकाही वीराचं नाव वाचता येत नाही. तरी गावाने त्यांना शेंदूर लावून देव मानलं, म्हणून ते टिकले.

तुमच्या गावच्या वेशीवर, देवळामागे असा दगड असेल, तर त्याचा पायरीसाठी वापर होऊ देऊ नका. फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवा.