शीड, हँडल, बॅटरी: पाचूबंदरच्या होड्यांतील यंत्रांचा इतिहास

वसईचा किल्ला 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने मराठ्यांकडे गेला, आणि या दोन घटनांवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याच किल्ल्याच्या शेजारी, खाडीच्या मुखाजवळ असलेल्या पाचूबंदर या कोळीवस्तीतील होड्यांमध्ये गेल्या काही दशकांत जे बदल घडले, ते तेथील माणसांच्या आयुष्याला अधिक जवळून भिडलेले असूनही इतिहासलेखनात त्यांना फारशी जागा मिळालेली नाही.

वसईच्या किनाऱ्यावरील मासेमारी पूर्वापार डोलीवर उभी आहे. डोल म्हणजे तळाशी पक्के बांधून प्रवाहाच्या समोर तोंड करून लावलेले, शेपटाकडे निमुळते होत जाणारे पिशवीसारखे जाळे. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा, करंदी त्यात शिरतात आणि पाणी फिरण्यापूर्वी जाळे उचलावे लागते. म्हणजे वेळ पाणी ठरवी आणि वेग वारा ठरवी, आणि या दोहोंचा मेळ बसला नाही की खलाशांना वल्ही मारत जावे लागे.

हा तिढा इंजिनाने सोडवला. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून (1951–56) होड्यांना इंजिन बसवण्यासाठी सरकारी साहाय्य मिळू लागले. केरळात 1953 मध्ये सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाला तेथील वल्ह्यांच्या होड्या यंत्रासाठी सोयीच्या नाहीत असे आढळून नव्या बांधणीच्या बोटींकडे वळावे लागले. उलट मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरील रुंद, खोल, भक्कम कण्याच्या मचव्यांमध्ये इंजिन सामावू शकले. तरीही ते काम नाजूक होते, कारण मुळात शिडासाठी बांधलेल्या होडीच्या मागच्या खांबाला भोक पाडून त्यातून पंख्याचा दांडा बाहेर काढायचा, इंजिनाखाली जाड लाकडाची बैठक ठोकायची आणि दांडा व इंजिन एका रेषेत आणायचे, अन्यथा हादऱ्यांनी फळ्यांचे सांधे सैल होत. यंत्रीकरणाचे श्रेय योजनांना दिले जाते. परंतु त्यातील मोठा वाटा किनाऱ्यावरच्या सुतारांचा आणि मिस्त्रींचा आहे.

जुने डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. एक खटका उचलून सिलिंडरमधील दाब मोकळा करायचा, जड चाकाला हाताने वेग द्यायचा आणि नेमक्या क्षणी खटका सोडायचा. त्या वेळी इंजिन उलटे फिरले तर हँडलचा तडाखा मनगट मोडू शके, म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरावे, ही पहिली शिकवण असे.

मोटारीतील हाच धोका अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरने दूर केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो बसवून मिळू लागला. किनाऱ्यावरच्या होड्यांत ‘सेल्फ’, म्हणजे बटण दाबताच इंजिनाचे चाक फिरवणारी विजेची मोटर, पुष्कळ उशिरा आली. तिचे खरे महत्त्व मात्र वाचलेल्या श्रमापुरते नाही, कारण सेल्फला बॅटरी लागते आणि बॅटरी भरलेली ठेवणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर लागतो. अशा रीतीने होडीत प्रथमच साठवलेली वीज आली. दिवा, वायरलेस, उपग्रहावरून ठिकाण सांगणारे जीपीएस ही सारी साधने त्या एका पेटीच्या आधाराने होडीत शिरली. मोटारीत मागाहून बसवलेला दूरनियंत्रित स्टार्टर आणि चोरीची सूचना देणारा भोंगा ज्याप्रमाणे एकाच बॅटरीवर चालतात, त्याचप्रमाणे होडीतही इंजिन सुरू करण्याची सोय आणि धोक्याची सूचना देण्याची सोय यांचा इतिहास एकत्र गुंफलेला आहे.

सूचनेची गरज जुनीच होती. वायरलेसपूर्वी बुडत्या होडीजवळ हाक, कंदील किंवा काठीवर चढवलेले फडके एवढेच उपाय होते, आणि ते दृष्टीच्या टप्प्यापलीकडे निरुपयोगी होते. इस्रोने विकसित केलेले संकटसूचक यंत्र 2010 पासून वापरात आले. त्याचे बटण दाबताच उपग्रहामार्फत संदेश तटरक्षक दलाच्या केंद्राकडे जातो. तथापि तो संदेश एकतर्फी होता, आणि आपली हाक पोहोचली की नाही हे खलाशाला कळत नसे. वादळात ही अनिश्चितता किती जाचक असेल, याचा विचार यंत्राच्या आराखड्यात आधीच व्हायला हवा होता. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोच मिळण्याची सोय झाली.

दरम्यान 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यातील दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून मुंबईजवळ आल्यामुळे बोटींची नोंदणी, ओळखपत्रे आणि रंगखुणा यांवर भर आला, आणि बोट कोठे आहे हा प्रश्न तिच्या मालकाइतकाच राज्यसंस्थेचाही झाला. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे बोटींवर 1 लाख ट्रान्सपॉन्डर, म्हणजे ठिकाण कळवणारी आणि दुतर्फा संदेश देणारी यंत्रे, बसवण्याच्या सुमारे 360 कोटी रुपयांच्या योजनेचा आरंभ झाला.

ही सारी साधने खाऱ्या हवेत टिकवणे हे मात्र रोजचे काम आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढतो, वीज अडते, आणि मग सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा जाळी विणण्याबरोबरच वायरी तपासणे, टोके घासून त्यांना ग्रीस लावणे आणि बॅटरी पुन्हा भरून घेणे ही कामेही त्याच दोन महिन्यांत उरकली जातात.