दोन कवितांमधलीं वीस वर्षें

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यांत, पैनगंगेच्या उत्तरेकडील मुलखांत, ढाणकी नांवाचें गांव आहे. नदीच्या पलीकडे मराठवाडा, अलीकडे वऱ्हाड; निजामी अंमल आणि इंग्रजी अंमल यांची शीव एके काळीं याच पाण्यांतून गेलेली होती. फाल्गुनांत कपाशीची शेवटची वेचणी संपली, पऱ्हाट्या उपटून सरपणासाठीं घरीं गेल्या, म्हणजे इकडचें काळें शेत उघडें पडतें. चैत्र-वैशाखाच्या उन्हानें तें भेगाळतें, आणि भेगा अशा पडतात कीं गुराचा पाय आंत अडकावा. परक्या माणसाला तें सारें उजाड वाटतें. शेतकऱ्याला तसें वाटत नाहीं. वरची भुसभुशीत माती वाऱ्यानें आणि गुरांच्या पायांनीं त्या भेगांत पडत राहते. मृगाचा पाऊस झाला कीं जमीन फुगते आणि खालची माती वर येऊं लागते. काळी जमीन आपली आपणच नांगरली जाते असें म्हणतात तें यामुळेंच, आणि वऱ्हाडांत नांगरापेक्षां वखराचा मान मोठा आहे तोही बहुधा यामुळेंच. या दोन महिन्यांत लग्नें होतात, जत्रा भरतात, वखराची पास लोहाराकडून पाजवून घेतली जाते. आणि यंदा वैशाखांत पीक कां नाहीं असा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नाहीं.

लेखकाला मात्र तो प्रश्न विचारला जातो. एक पुस्तक हातावेगळें झालें कीं 'सध्यां काय चाललें आहे?' ही पृच्छा सुरू होते, आणि 'कांहीं नाहीं' हें उत्तर देतांना त्या बिचाऱ्याला अपराध्यासारखें होतें. वाङ्मयांतील या उन्हाळ्याचा विचार करतांना ज्या मराठी कवीची आठवण सर्वांत आधीं व्हावी तो याच वऱ्हाडचा, परंतु ढाणकीपासून अगदीं दुसऱ्या टोकाचा, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूरचा. नारायण मुरलीधर गुप्ते हें त्याचें नांव. मराठी वाचक त्याला 'बी' या एकाक्षरी नांवानें ओळखतात.

गुप्ते यांचा जन्म 1872 सालचा. 1891 सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांची 'प्रणयपत्रिका' ही कविता पुण्याच्या 'करमणूक' पत्रांत प्रसिद्ध झाली. 'करमणूक' तेव्हां अवघें वर्षाचें होतें. हरि नारायण आपटे यांनीं तें 1890 मध्यें काढलें होतें, आणि त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्याच सुमारास त्यांतून आठवड्याआठवड्यानें येत होती. घरोघरच्या स्त्रिया ज्या पत्राची वाट पाहत, त्यांत पहिली कविता छापून येणें ही वऱ्हाडांतील एका तरुणाला केवढी उमेद देणारी गोष्ट असेल! दुसरा कोणी असता तर पुढच्याच महिन्यांत दुसरी, तिसरी, चौथी कविता टपालांत पडली असती. येथें निराळेंच घडलें. 'बीं'च्या कवितेकडे महाराष्ट्राचें लक्ष वेधलें गेलें तें 1911 सालच्या 'वेडगाण्या'नें, म्हणजे वीस वर्षांनीं.

वीस वर्षें म्हणजे केवढा काळ, हें त्या अवधींत काय काय होऊन गेलें याची नुसती यादी केली तरी कळतें. 1896 पासून प्लेगानें मुंबई-पुण्याचीं घरें ओस पाडलीं. 1899-1900 चा दुष्काळ वऱ्हाडानें याआधीं कधीं पाहिला नव्हता असा भयंकर होता. कापसाच्या या श्रीमंत मुलखांत माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं. 1902 च्या करारानें निजामानें वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांस दिला आणि पुढच्या वर्षी तो कारभारापुरता मध्यप्रांताला जोडला गेला. 1905 सालीं वाशीम जिल्हा मोडला, वणी जिल्ह्याचें नांव यवतमाळ झालें, आणि पुसद तालुका यवतमाळकडे आला. ज्या उमरखेडच्या मुलखांत ढाणकी आहे तो तेव्हां पुसदांतच मोडत असे. सरकारी कचेऱ्यांतील कारकुनांना या बदलांत किती बस्तानें बांधावीं आणि सोडावीं लागलीं असतील याची कल्पना करावी. आणि नारायणराव गुप्ते वऱ्हाडांत सरकारी नोकरींत कारकूनच होते.

याच वीस वर्षांत मराठी कविता मुळापासून बदलली. केशवसुतांची 'तुतारी' 1893 मधली. त्यांचा उदय, त्यांची बंडखोरी आणि 1905 मध्यें हुबळीस प्लेगानें झालेला त्यांचा अंत, हें सारें 'बीं'च्या दोन कवितांच्या मध्यें होऊन गेलें. 1907 सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला तेथें 'बालकवि' ही पदवी मिळाली. जळगांव आणि मलकापूर हीं आगगाडीच्या एकाच रस्त्यावरचीं गांवें. त्या संमेलनाची वार्ता वऱ्हाडांतल्या रसिकांपर्यंत पोंचली नसेल असें मानणें कठीण आहे.

पुढें 1909 सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि मराठी वाङ्मयाला वर्षाचा एक ठरलेला सुगीचा महिना लाभला. या सोयीचे लाभ सर्वांस ठाऊक आहेत; ज्या मध्यमवर्गीय घरांत वर्षभर पुस्तक विकत घेतलें जात नसे, तेथेंही दिवाळीचा अंक येऊं लागला. परंतु शेताला जसा हंगाम ठरलेला, तसा लेखणीलाही तो ठरला. भाद्रपद आला कीं संपादकांचीं पत्रें यावयाचीं आणि आश्विनांत पीक द्यावयाचें. फरक एवढाच कीं शेताला मागाहून वैशाख मिळतो.

वैशाख न मिळाल्यानें काय होतें, याचें उदाहरण शोधावयास 'करमणुकी'बाहेर जाण्याचें कारण नाहीं. हरिभाऊंएवढा मोठा कादंबरीकार त्या काळीं मराठींत नव्हता. सत्तावीस वर्षें ते आठवड्याच्या घाण्याला जुंपलेले राहिले. त्या घाण्यांतूनच 'मी' आणि 'उषःकाल' यांसारख्या कादंबऱ्या निघाल्या हें खरें. म्हणून निरंतर लेखन हें नेहमीं वाईटच, असें कोणी म्हणूं नये. परंतु 'आजच', 'मायेचा बाजार' आणि 'कर्मयोग' या तीन सामाजिक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. 1917 मध्यें 'करमणूक' बंद पडलें आणि 1919 च्या मार्चांत हरिभाऊ गेले. मधलीं दीड-दोन वर्षें हाच काय तो त्यांचा उन्हाळा. त्यांनाही मलकापूरच्या त्या कारकुनासारखीं दहा मोकळीं वर्षें लाभतीं, तर त्या तीन कादंबऱ्यांचें काय झालें असतें, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

मात्र 'मोकळीं वर्षें' हा शब्द येथें जपून वापरला पाहिजे. गुप्ते यांचीं तीं वर्षें कांहीं आरामखुर्चींत गेलेलीं नव्हतीं. कचेरी, तुटपुंजा पगार, संसार आणि भोंवतालचा दुष्काळ यांत तीं गेलीं. विश्रांति होती ती एवढ्यापुरती कीं कवितेचा तगादा त्यांनीं स्वतःच्या पाठीशीं लावून घेतला नाहीं. ज्याला लिहिण्यावर पोट भरावयाचें नाहीं त्यालाच हें साधतें, हा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. हरिभाऊ आपल्या पत्राच्या पुढच्या अंकाला बांधलेले होते. कारकून महिन्याच्या एक तारखेला बांधलेला होता, पण त्याची कविता कोणालाच बांधलेली नव्हती.

गंमत अशी कीं नेमक्या त्याच काळांत फ्रान्समध्यें एक दुसरा कवि अशाच रीतीनें गप्प बसला होता. पॉल व्हालेरी हा 'बीं'च्या आधीं एकच वर्ष, 1871 सालीं जन्मला. विशींत त्याच्या कवितांचें पॅरिसमध्यें कौतुक झालें, आणि 1892 मध्यें एका मानसिक उलथापालथीनंतर त्यानें काव्य बाजूला ठेवलें. पुढें तो युद्धखात्यांत नोकरीस लागला आणि 1900 पासून 1922 पर्यंत हावास वृत्तसंस्थेच्या एका वृद्ध संचालकाचा खासगी चिटणीस होता. 1912 मध्यें आंद्रे जीद आणि प्रकाशक गालिमार यांनीं जुन्या कविता एकत्र करण्याचा आग्रह धरला, तेव्हां त्यांना निरोपादाखल चार ओळी जोडाव्या अशा विचारानें तो बसला. त्या चार ओळींच्या पाचशें बारा झाल्या, त्यांना चार-पांच वर्षें लागलीं, आणि 1917 सालीं 'तरुण नियति' या अर्थाच्या नांवाचें तें काव्य निघतांच तो फ्रान्सचा पहिल्या प्रतीचा कवि ठरला. पण व्हालेरीच्या मौनाची हकीकत येथें संपत नाहीं. 1894 पासून मरेपर्यंत तो रोज पहांटे उठून वहींत टिपणें करीत असे. जगाच्या लेखीं तो गप्प होता. वह्यांच्या लेखीं नव्हता. त्याच्या शेताला भेगा पडल्या होत्या, आणि रोज पहांटे थोडी माती त्यांत पडत होती.

'बीं'च्या वीस वर्षांतली माती कोणती, हें त्यांच्या कवितांवरूनच ओळखावें लागतें. 'प्रणयपत्रिका' ही एका तरुणाची कविता आहे. 'वेडगाणें' चाळिशीला टेकलेल्या माणसाचें आहे. त्याच्या ध्रुपदांतले निरर्थक ध्वनी, कवीला वेडा म्हणणाऱ्या जगाकडे पाहून केलेलें हास्य आणि त्या हास्याच्या तळाशीं असलेलें तत्त्वचिंतन, हें मिश्रण एकोणिसाव्या वर्षी कोणाला जमत नसतें. केशवसुतांनीं फोडलेली वाट 'बीं'ना आयती मिळाली, पण ते त्या वाटेवरून दुसऱ्यांच्या मागें धांवत गेले नाहींत. आरंभींच गर्दींत शिरले असते तर तुतारी फुंकणाऱ्यांच्या त्या मांदियाळींत आणखी एकाची भर पडली असती, एवढेंच.

तरीही या मौनाचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरतां येत नाहीं. थांबणाऱ्याला आयुष्य पुरावें लागतें. केशवसुत एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. बालकवि 1918 च्या मे महिन्यांत भादलीजवळ रुळावर गाडीखालीं सांपडले, तेव्हां त्यांना अठ्ठावीस वर्षेंही पुरीं झालेलीं नव्हतीं. त्यांनीं वीस वर्षें थांबावयाचें ठरविलें असतें तर मराठींत त्यांची एकही ओळ उरली नसती. पडीत जमीन आणि ओसाड जमीन उन्हाळ्यांत अगदीं सारखी दिसते; कोणती कोणती होती हें पाऊस पडून गेल्यावरच कळतें. एकटे 'बी' डोळ्यांपुढें ठेवून मौनाचें स्तोत्र गाणाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें. वीस वर्षें थांबून पुढें कांहींच न उगवलेल्या कवींचीं नांवें वाङ्मयाच्या इतिहासांत कोण लिहितो?

'वेडगाण्या'नंतर नांव झालें, मागणी वाढली, तरी गुप्ते यांनीं आपली चाल बदलली नाहीं. 1934 मध्यें 'फुलांची ओंजळ' हा पहिला संग्रह निघाला तेव्हां ते बासष्ट वर्षांचे होते. त्यांत कविता अडतीस. 1891 पासून 1934 पर्यंत त्रेचाळीस वर्षें. वर्षाला एक कवितासुद्धां पुरती पडत नाहीं. या संग्रहाला प्रस्तावना लिहिली ती प्रल्हाद केशव अत्रे यांनीं, म्हणजे ज्यांनीं 1925 मध्यें 'झेंडूचीं फुलें' लिहून भरमसाट काव्य करणाऱ्यांची यथेच्छ टर उडविली त्यांनीं. विडंबनकारानें शस्त्र खालीं ठेवून मोकळ्या मनानें दाद द्यावी, यापेक्षां या मितव्ययाला मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

त्या ओंजळींतलीं दोन फुलें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. एक 'माझी कन्या': गरिबीमुळें हिणविल्या गेलेल्या लेकीची बाप समजूत घालतो आहे, अशी ती कविता. कारकुनीच्या पगारांत संसार केलेल्या माणसावांचून ती दुसऱ्या कोणाच्या हातून उतरती असें वाटत नाहीं. ज्या वर्षांना वाङ्मयाच्या हिशेबांत रिकामीं म्हणावयाचें, त्यांचीच ती कमाई दिसते. दुसरी 'चाफा'. तिच्यांत एक रुसलेला चाफा आहे आणि त्याला बोलतें करूं पाहणारी एक व्याकुळ सखी आहे. कोणी तिच्यांत प्रेम पाहिलें, कोणी जीव-शिवाचें नातें पाहिलें. पंडितांचा तो वाद चालूं राहील. पण मौनाशीं एवढ्या आर्जवानें बोलणारी कविता लिहावी ती ज्यानें मौन आंतून ओळखलें आहे त्यानेंच. पुढें वसंत प्रभु यांनीं तिला चाल लावली, लता मंगेशकरांनीं ती गाइली, आणि आकाशवाणीवरून ती अशा असंख्य घरांत पोंचली जेथें 'बी' हें अक्षर कोणा कवीचें नांव आहे हेंही ठाऊक नव्हतें.

मराठींत 'बी' म्हणजे जमिनींत जाऊन पडतें तें. इंग्रजींत त्याच उच्चाराचा अर्थ मधमाशी. एक पडून राहणारें, दुसरी अखंड राबणारी. त्या दोहोंपैकीं नारायणरावांच्या स्वभावाला कोणता अर्थ जुळतो, हें रसिकांनीं आपापल्या आवडीप्रमाणें ठरवावें.

शेवटचीं वर्षें त्यांनीं छिंदवाड्यास काढलीं. 1934 नंतरच्या तेरा वर्षांत अकरा कविता झाल्या. 1947 सालीं त्या 'पिकलें पान' या नांवानें छापल्या गेल्या, आणि त्याच वर्षी, स्वातंत्र्याला पंधरवडा होतो न होतो तों, पंचाहत्तर वर्षांचे 'बी' छिंदवाड्यास वारले. सगळ्या मिळून कविता एकूणपन्नास.