जहांगीरने पाहिलेली टर्की

१६१२ साली मोगल दरबारात एक चमत्कारिक पक्षी आला. जहांगीर बादशहाने मुकर्रबखान या आपल्या सरदाराला गोव्याला पाठवले होते. पोर्तुगीजांकडे ज्या दुर्मीळ चिजा मिळतील त्या किमतीकडे न पाहता आणाव्यात, असा हुकूम होता. खानाने आणलेल्या चिजांत काही पशुपक्षीही होते. त्यांतलाच हा एक, टर्की.

हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतला. स्पॅनिश लोक पोचण्याच्या कितीतरी शतके आधी मेक्सिकोतल्या लोकांनी तो माणसाळवला होता. त्याच्या नावांचा घोटाळा मात्र गमतीचा आहे. इंग्रजांच्या लेखी तो तुर्कस्तानचा, तर तुर्की भाषेत त्याचे नाव 'हिंदी'! फ्रेंच नावातही हिंदुस्थानच दडलेला आहे. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात आणि त्यावरूनच हिंदीत 'पीरू' आला. यांपैकी एकही पत्ता बरोबर नाही.

जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात या पक्ष्याचे वर्णन केले आहे. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो. डोके, मान आणि गळ्याखालचा भाग क्षणाक्षणाला रंग बदलतो. आता पोवळ्यासारखा लाल, थोड्या वेळाने कापसासारखा पांढरा, मध्येच पिरोजी. डोळ्यांभोवतीचा पिरोजी रंग तेवढा कायम राहतो. डोक्यावरचा मांसल भाग उभा असतो तेव्हा गेंड्याच्या शिंगासारखा, जेमतेम दोन बोटे उंच. माजावर असताना तोच हत्तीच्या सोंडेसारखा वीतभर खाली लोंबतो. बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, हे नोंदवून जहांगीरने चित्रकारांना कामाला लावले. उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

अशा नोंदी आपण बादशाही लहर म्हणून सोडून देतो. मला ते पटत नाही. काय बदलते याबरोबरच काय बदलत नाही हेही टिपणे, आणि 'लांब' न म्हणता 'वीतभर' म्हणणे, ही निरीक्षकाचीच लक्षणे आहेत. या वर्णनात एकच गोष्ट नाही, ती म्हणजे 'असे का?' हा प्रश्न.

रंगाचे उत्तर त्वचेत आहे. या पिसे नसलेल्या त्वचेत कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंच्या जुड्या असतात आणि त्यांच्यामधून रक्तवाहिन्यांचे जाळे गेलेले असते. वाहिन्या रक्ताने फुगल्या की त्वचा लाल दिसते. त्या आकसल्या की तंतूंवरून विखुरलेला प्रकाश पुढे येतो आणि निळा किंवा पांढरा रंग दिसतो. नवे रंगद्रव्य तयार करावे लागत नाही, म्हणून बदल इतका झटपट होतो. २०१४ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी याच कल्पनेवरून, निरुपद्रवी विषाणूंचे तंतू रचून, टीएनटी या स्फोटकाची वाफ ओळखणारा रंगबदलू संवेदक तयार केला.

सोंडेकडे लक्ष गेले ते १९९० नंतर. रिचर्ड बुखोल्झ यांना असे आढळले की माद्या लांब सोंडेचे नर पसंत करतात आणि अशा नरांच्या आतड्यांत काही परजीवी कमी असतात. म्हणजे ती वीतभर सोंड मादीच्या दृष्टीने नराच्या प्रकृतीचा दाखला ठरत असावी.

तिसरी गोष्ट जहांगीरला दिसणे शक्यच नव्हते, कारण त्यासाठी रानातले थवे पाहावे लागतात. रानटी टर्कीचे नर पुष्कळदा दोघे-तिघे मिळून मादीपुढे नाचतात, पण मीलन होते ते एकाचेच. मग बाकीचे फुकट का राबतात? ॲलन क्रॅकॉवर यांनी कॅलिफोर्नियातील टर्कींचे डीएनए तपासून २००५ मध्ये उत्तर दिले. हे जोडीदार बहुधा भाऊ असतात. प्रमुख नराला सरासरी ७ पिल्ले झाली, एकट्याने नाचणाऱ्याला ०.९ आणि मदतनीसाला एकही नाही.

आता हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेला हिशेब फळ्यावर करून पाहा. सख्ख्या भावांचे नाते ०.५ धरतात. या जोड्यांत ते सरासरी ०.४२ भरले, म्हणजे सगळेच सख्खे नव्हते. मदतीमुळे प्रमुखाला ६.१ पिल्ले जास्त मिळाली. त्यांना ०.४२ ने गुणले की सुमारे २.६ येतात. एकटा नाचला असता, तर मदतनीसाच्या पदरात ०.९ पडली असती.