‘करू पाहणे’ आणि ‘करून पाहणे’: कृष्णाकाठ ते तोसा

इ.स. ९३५ च्या सुमाराची गोष्ट. जपानच्या शिकोकू बेटावरील तोसा प्रांताचा कारभार आटोपून की नो त्सुरायुकी हा कवी राजधानीकडे परतला आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली. दरबारी पुरुष रोजनिश्या चिनी भाषेत लिहीत. त्सुरायुकीने मात्र स्त्रीचा मुखवटा चढवला आणि जपानीत लिहिले. ‘तोसा निक्की’ या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात या धाडसाचे कारण येते, आणि तिथले क्रियापद शब्दशः ‘करून पाहावे म्हणून’ असे आहे.

‘मिरु’ म्हणजे पाहणे. त्याच्याआधी दुसऱ्या धातूचे ‘ते’ रूप आले, की अर्थ होतो प्रयोग म्हणून करणे. इस्लामपूरच्या बाजारात गुळाचा खडा हातावर ठेवून ‘पाव्हणं, खाऊन तर बघा’ म्हणणारा व्यापारी नेमके हेच व्याकरण वापरतो. कृष्णाकाठी ‘पाहणे’पेक्षा ‘बघणे’ अधिक चालते, एवढाच फरक.

खरी गंमत पुढे आहे. ‘त्याने दार उघडू पाहिले’ आणि ‘त्याने दार उघडून पाहिले’ ही वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यात दार बहुधा बंदच राहिले, दुसऱ्यात ते उघडले आणि आत काय आहे तेही कळले. जपानीतही हीच जोडी आहे. ‘अकेयो तो शिता’ म्हणजे उघडू पाहिले, ‘अकेते मिता’ म्हणजे उघडून पाहिले. नुसता मनोदय सांगायचा असेल तर जपानी माणूस ‘इको तो ओमोउ’ म्हणतो आणि वाळवे तालुक्यातला माणूस ‘जावं म्हणतोय’. एकाने ‘मानणे’ घेतले, दुसऱ्याने ‘म्हणणे’.

संस्कृतात हे सारे एका शब्दात होत असे. पाणिनीने इच्छा दाखवणाऱ्या ‘सन्’ प्रत्ययाला स्वतंत्र सूत्र दिले आहे. त्यातूनच पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची ती जिज्ञासा आणि सुटकेची आस धरणारा तो मुमुक्षू. मराठीने हे तयार शब्द सांभाळले, पण प्रत्यय सोडून दिला. ‘खाणे’पासून नवी ‘चिखादिषा’ आज कोणी घडवत नाही. (घडवली तरी जेवणाच्या पंगतीत ती कोणाला कळणार?) त्या रिकाम्या जागी भाषेने डोळा आणून बसवला. ‘करून’मधला ‘ऊन’ महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘काऊण’सारख्या रूपांतून आला आहे, तर ‘करूं पाहे’ ही घडण यादवकालीन मराठीतही दिसते.

मग हा दुवा जपानपर्यंत कसा पोहोचला? उसनवारीचा संशय आधी शेजाऱ्यावर जातो. सांगली जिल्ह्याच्या जत भागात कन्नड ऐकू येते आणि कन्नडमध्ये ‘माडि नोडु’ म्हणजे ‘करून बघ’. तमिळ आणि कोरियन भाषांतही ‘पाहणे’ प्रयत्नाच्या कामी येते. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली भारतीय उपखंडाच्या भाषिक क्षेत्रावरील ग्रंथात दाखवले, की ‘करून’सारखी रूपे आणि त्यांभोवतीची वाक्यरचना उपखंडातून मध्य आशियामार्गे कोरिया-जपानपर्यंत पसरलेल्या एका विस्तीर्ण पट्ट्यात आढळते. याचा अर्थ जपानी आणि मराठी बहिणी आहेत असा मुळीच नव्हे, समाजमाध्यमांवर तसे दावे कितीही फिरोत. मराठी आणि जपानी यांची तुलना शास्त्रीय शिस्तीने करणाऱ्यांत जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेतील प्रशांत परदेशी हे मराठी अभ्यासक अग्रगण्य आहेत.

इतिहासाच्या वाचकाला या बारकाव्याची किंमत चुकवावी लागते. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा भेद सहसा नसतो आणि अनुस्वारही अनेकदा गळतो. ‘ठाणे घेऊ पाहिले’ आणि ‘ठाणे घेऊन पाहिले’ यांत फरक उरतो तो एका ‘न’चा. पहिल्या वाक्यात हल्ला फसलेला असू शकतो, दुसऱ्यात ठाणे हाती आलेले असते. नक्कलकाराच्या हातून हा ‘न’ सुटला किंवा शिरला, तर लढाईचा निकाल कागदावर बदलतो. म्हणून अशा जागी जाणता वाचक छापील प्रतीवर न थांबता मूळ कागद मागवतो आणि मागच्या-पुढच्या पत्रांत त्या ठाण्यावर अंमल कोणाचा होता ते तपासतो.