कड्याखालचं अक्षर

मुंबईत घरगुती गॅसची टाकी 1955च्या सुमारास आली. बर्मा शेल कंपनीच्या या गॅसचं नाव ‘बर्शेन’. पुढे 1965 साली कोलकात्यातून इंडेन सुरू झाला, आणि 1976 साली बर्मा शेलचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून नंतर भारत पेट्रोलियम उभी राहिली.

टाकी मात्र ग्राहकाच्या मालकीची कधीच झाली नाही. अनामत भरायची, रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. या फिरत्या व्यवस्थेमुळे तपासणीचा भार भरणा केंद्रावर आला. तिथे रिकाम्या टाकीचा पोचा आणि गंज पाहतात, तिच्यावर कोरलेलं मूळ वजन वाचून 14.2 किलो गॅस भरतात, व्हॉल्व्हमधली रबरी रिंग आणि गळती तपासून मगच सील लावतात. टाकी काठोकाठ भरत नाहीत. उष्णतेने द्रव फुगतो, त्याला जागा लागते.

ठरावीक वर्षांनी टाकीत पाणी भरून दाब देतात. पुढच्या चाचणीची मुदत कड्याखालच्या पट्टीवर आतून रंगवलेली असते: ‘बी-27’ म्हणजे जून 2027 अखेर. ए मार्चचं, सी सप्टेंबरचं, डी डिसेंबरचं. एवढी सोपी खूण, पण वाचणारे थोडेच.

घरात टाकी घेताना आधी वजन, मग सील. टोपी काढल्यावर रिंग जागेवर आहे का, ते बघायचं. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी लावतात, फुगे आले की कळतं. काडी पेटवून पाहण्याची जुनी खोड जीवघेणी. गॅसला मुळात वास नसतो. कुजकट वासाचं मर्कॅप्टन त्यात मुद्दाम मिसळलेलं असतं.